ब्लाइंड घेताय? आधी माप नीट घ्या

कापडाचा रंग नंतर बघा, आधी ब्लाइंड (गुंडाळता येणारा किंवा पट्ट्यांचा पडदा) खिडकीच्या चौकटीच्या आत बसवायचं की बाहेर ते ठरवा. आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी येईल ती धरा. भिंती क्वचितच काटकोनात असतात. वरचंच माप दिलंत तर ब्लाइंड खाली घासतं. माप स्टीलच्या टेपने, मिलिमीटरमध्ये घ्या. खिडकीची कडी किंवा हँडल आड येतंय का, तेही बघा.

झोपायच्या खोलीत पूर्ण अंधार हवा असेल तर नुसतं ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं, कापड पुरत नाही. रोलर ब्लाइंडचं, म्हणजे नळीवर गुंडाळलं जाणाऱ्या ब्लाइंडचं, कापड नळीच्या ब्रॅकेटांपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे दोन्ही कडांनी उजेडाची पट्टी येतेच. तिथे चौकटीच्या बाहेरच बसवा आणि प्रत्येक बाजूला निदान 5 ते 8 सेंटीमीटर जास्त घ्या. झेब्रा ब्लाइंड (पारदर्शक आणि जाड कापडाच्या आलटून पालटून आडव्या पट्ट्यांचं) दिसायला छान, पण अंधारासाठी नको.

स्वयंपाकघरात कापड तेलकट होतं, तिथे पुसता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बऱ्या. लाकडी पट्ट्या वाफेने वाकतात.

घरात लहान मूल असेल तर लोंबती दोरी अजिबात नको, गळ्याला फास बसू शकतो. दोरी नसलेलंच ब्लाइंड घ्या.