वायरलेस ड्रायव्हर : पॅकेट येणे अचानक का थांबते?

प्रश्न : पॉलिहाउसमधील चार सेन्सर नोडांचे तापमान गोळा करण्यासाठी मी एनआरएफ२४एल०१+ या रेडिओ चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्रॅम) सी भाषेत लिहिला आहे. चिपच्या इंटरप्ट पिनवर पडती कडा आली (पातळी वरून खाली गेली) की इंटरप्ट फंक्शन, म्हणजे चालू काम थांबवून लगेच चालणारे फंक्शन, एक पॅकेट वाचते आणि मग फ्लॅग (पॅकेट आल्याची चिपमधली खूण) पुसते. काही वेळ काम सुरळीत चालते. पुढे जुन्याच नोंदी येऊ लागतात आणि शेवटी सारेच थांबते. वीज बंद करून पुन्हा दिली की सुरू होते. चिप सदोष असेल का? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : चिपवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. आलेली पॅकेट ठेवण्यासाठी तिच्यात तीन जागांची फिफो (आधी आलेले आधी बाहेर) रांग असते आणि प्रत्येक जागेत ३२ बाइटपर्यंत माहिती मावते. इंटरप्टची पिन मात्र एकच असून फ्लॅग पुसला जाईपर्यंत ती खालच्या पातळीवरच राहते. त्यामुळे दोन नोडांची पॅकेट लागोपाठ आली तरी मायक्रोकंट्रोलरला कडा एकदाच दिसते. आपले फंक्शन त्यांतले एक उचलते आणि दुसरे रांगेत पडून राहते. पुढच्या इंटरप्टला हे शिळे पॅकेट हाती येते व ताजे मागे उरते. अशी दोन पॅकेट तुंबली, आणि मग एखादे नेमके वाचणे व फ्लॅग पुसणे यांच्या मधल्या क्षणी आले, की रांग भरते. भरलेल्या रांगेपुढे नवे पॅकेट चिप टाकून देते, म्हणून फ्लॅग उठत नाही. इंटरप्ट नाही म्हणून वाचन नाही, आणि वाचन नाही म्हणून जागा मोकळी होत नाही.

तेव्हा फंक्शनमध्ये लूप हवा : पॅकेट वाचावे, फ्लॅगच्या बिटमध्ये १ लिहून तो पुसावा, मग फिफो स्टेटस रजिस्टर (रांगेची स्थिती सांगणारी चिपमधली नोंद) पाहावे आणि रांग रिकामी नसेल तर पुन्हा वाचावे. डेटाशीटमध्येही हाच क्रम आहे. रांग आधी तपासून फ्लॅग नंतर पुसला, तर त्या फटीत आलेल्या पॅकेटचा फ्लॅग न पाहताच पुसला जातो आणि दुखणे कायम राहते.

या लूपला फेऱ्यांची मर्यादा घालावी. चिपकडून येणारी एसपीआयची (चिप व मायक्रोकंट्रोलर यांना जोडणाऱ्या बसची) डेटा तार निसटली आणि ती रेषा शून्यावर राहिली, तर प्रत्येक रजिस्टर शून्य वाचले जाते, ‘रांग रिकामी’ हा बिट कधीच १ दिसत नाही आणि प्रोग्रॅम तिथेच अडकतो. पॅकेटची लांबी बदलती ठेवली असेल, तर वाचण्यापूर्वी ती चिपला विचारावी आणि ३२ पेक्षा जास्त आल्यास रांग फ्लश (पूर्ण रिकामी) करावी. अन्यथा आपल्या बफरच्या (वाचलेली माहिती ठेवण्याच्या जागेच्या) पलीकडे लिहिले जाण्याचा धोका आहे.

शिवाय हे वाचन इंटरप्टमध्ये करू नये, असे माझे मत आहे. एसपीआय १ मेगाहर्ट्झवर असेल तर आदेशासह ३३ बाइटांना किमान २६४ मायक्रोसेकंद लागतात, आणि त्याच बसवर डिस्प्ले असला तर त्याचा व्यवहार मध्येच तुटतो. इंटरप्टने फक्त एक व्होलाटाइल खूण (कंपायलरने दर वेळी मेमरीतूनच वाचावा असा व्हेरिएबल) उभी करावी. मुख्य लूपने आधी ती खूण उतरवावी आणि नंतर वरचा लूप असलेले रिसीव्ह फंक्शन बोलवावे.