डिसेंबरच्या सुट्टीत फिनलंडला स्कीइंगसाठी जावं का? 6 दिवस आहेत, सोबत 8 वर्षांची मुलगी, आधी कुणीच स्की केलेलं नाही. बजेट किती लागेल?

डिसेंबरात नको. खरं तर एवढंच उत्तर आहे, पण तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे साडू आठवले, म्हणून लिहायला बसलो.

मी 11 वर्षं हेलसिंकीशेजारच्या एस्पोत राहतोय. साडू पुण्याचे, वयाने मोठे, त्यामुळे तोंडावर फार बोलता येत नाही. वसंतात या म्हणून मी तीनदा सांगितलं, तर म्हणे नाताळाशिवाय लॅपलँड (फिनलंडचा अगदी उत्तरेचा भाग) म्हणजे आंब्याशिवाय मे महिना. आले 22 डिसेंबरला. आम्ही लेवीला गेलो, ते लॅपलँडमधलं स्कीइंगचं ठिकाण. लेवी आर्क्टिक सर्कलच्याही वर, तिथे डिसेंबरच्या मध्यापासून नवीन वर्ष लागेपर्यंत सूर्य उगवतच नाही. अगदी मिट्ट काळोख नसतो, दुपारी काही तास निळसर उजेड येतो आणि तो दिसतो सुंदरच, पण फोटोपुरता. स्लोपवर दिवे असतात, लिफ्ट चालू असतात, सगळं खरं, पण पहिल्यांदाच स्की घातलेल्या माणसाला त्या उजेडात समोरचा बर्फ चढाचा आहे की उताराचा तेच कळत नाही. त्यात तापमान उणे 24 आणि साडूंच्या अंगात जीन्स.

डोंगर बघून साडूंचं पहिलं वाक्य, "हा? ही तर टेकडी आहे!" आता लेवीचा माथा 531 मीटर आणि आपलं पुणं 560 मीटरवर, म्हणजे हिशोबाने बरोबरच होते ते. पण त्या टेकडीवर वर्ल्डकपची स्लॅलम (खांबांमधून वळणं घेत खाली यायची) शर्यत होते आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून रेनडियर देतात. हे सांगितलं तर हसले. शिकवणी लावू म्हटलं तर "मला स्केटिंग येतं".

इथे बऱ्याच ठिकाणी वर जायला टी-बार असतो. उलट्या टीसारखा दांडा येतो, तो फक्त बुडामागे टेकवायचा, पाय सरळ ठेवून उभं राहायचं, तो आपोआप ओढत नेतो. त्यावर बसायचं नसतं. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दांडा आला आणि साडू बागेतल्या झोपाळ्यावर बसावं तसे ऐसपैस बसले. दोरी लांबली, साडू खाली, त्यांच्या स्की माझ्या स्कीत अडकून मीही खाली, आणि मागून येणारं एक फिनिश आजी-नातवाचं जोडपं आमच्या अंगावर येता येता थांबलं, कारण लिफ्टवाल्या पोराने वेळेत बटण दाबलं. आजी काही बोलल्या नाहीत. फिनिश माणूस काही बोलला नाही की जास्त लागतं.

तेवढ्या वेळात भाची मुलांच्या स्की-शाळेत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सोप्या स्लोपवरून एकटी खाली आली, वर बाबांना विचारते, "तुम्ही अजून इथेच?" तेव्हा मुलीची काळजी करू नका, शिकवणी मोठ्यांना लावा. आणि बुटात मोजे एकच जोडी घाला. दोन घातले की बूट आवळतो, रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. आत सुती काही नको, लोकरीचं इनर घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कीइंग धरलंय का ते व्हिसाच्या आधीच बघा, व्हिसाला चालणाऱ्या प्रत्येक पॉलिसीत ते असतंच असं नाही.

आता सुट्टीचा मुद्दा, जो साडूंचाही होता. परीक्षा संपली की एप्रिलच्या मध्यावर या ना! लेवीत साधारण मेच्या सुरुवातीपर्यंत स्लोप चालू असतात, लख्ख ऊन असतं, रात्री आठनंतरही उजेड. दुपारी बर्फ पाणचट होतो म्हणून सकाळी लवकर निघायचं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत मात्र टाळा, इथल्या शाळांच्या स्कीच्या सुट्ट्या आळीपाळीने तेव्हाच असतात. हेलसिंकीहून लॅपलँडमधल्या कोलारीपर्यंत रात्रीची ट्रेन आहे, मुलीला विमानापेक्षा तीच आवडेल, पुढे बस. आणि सांता म्हणाल तर लॅपलँडमधल्याच रोवानिएमी शहरात तो बारा महिने भेटतो, नाताळच लागतो असं काही नाही.

नॉर्दर्न लाइट्स मात्र एप्रिलच्या मध्यावर दिसतीलच असं धरू नका, रात्री फारसा अंधार पडत नाही. त्या हव्याच असतील तर मार्चच्या शेवटी या आणि शाळेला दांडी मारा. बजेटचं मी सांगत नाही, दर सीझनला बदलतं, फक्त नाताळाचा आठवडा सगळ्यात महाग एवढं नक्की. पैसे वाचवायला मी कॉटेज स्लोपपासून 6 किलोमीटरवर घेतलं होतं, ती चूक माझी, मान्य आहे. रोज सकाळी गोठलेली गाडी खरवडण्यात अर्धा तास जायचा.

पण प्रत्येक लग्नात साडू सांगतात की "ह्यांनी आम्हाला टेकडीवर नेऊन गोठवलं", ते मला मान्य नाही. एप्रिलमध्ये या असं मी लिहिलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अजून माझ्याकडे आहे, तारखेसकट.