वाचकांचे प्रश्न : लिंबू, जस्त आणि वीज

प्रश्न : मी कोल्हापूर शहरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. लिंबात जस्ताची आणि तांब्याची पट्टी खोवून विद्युतघट दाखवला की मुले खूश होतात; पण एका लिंबावर एलईडी लागत नाही आणि ‘लिंबात वीज असते’ एवढेच त्यांच्या मनात राहते. साठ मुलांच्या वर्गात, फारसा खर्च न करता काय दाखवावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि माझ्या मते अडचण प्रयोगांच्या क्रमात आहे. लिंबापासून सुरुवात केली की रस, धातू आणि तारा सारे एकदम समोर येते आणि ऊर्जा नेमकी कुठून आली हे मुलांना वेगळे काढता येत नाही. म्हणून आरंभ विस्थापन अभिक्रियेपासून (जास्त क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो त्या क्रियेपासून) करावा, जी त्यांना धातूंच्या पाठामुळे आधीच ठाऊक असते.

5 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात विरघळवून 100 मिलिलिटर द्रावण करावे, त्यात तापमापी ठेवावी आणि 2 ते 3 ग्रॅम जस्ताची पूड टाकून ढवळत राहावे. निळा रंग ओसरतो, तळाशी काळपट-तांबूस गाळ बसतो आणि तापमान सुमारे 10 अंशांनी चढते; ते चढताना एखाद्या विद्यार्थिनीला मोठ्याने वाचायला सांगावे. जस्ताचे इलेक्ट्रॉन द्रावणातील तांब्याच्या आयनांकडे (विद्युतभारित कणांकडे) गेले, ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडली. परंतु ही देवघेव जागच्या जागी झाल्याने तार जोडायला वावच राहिला नाही. आता वर्गाला विचारावे, की हेच इलेक्ट्रॉन तारेतून न्यायचे असतील तर काय करावे लागेल? उत्तर सांगण्याची घाई करू नये. दोन्ही पदार्थ एकमेकांपासून दूर ठेवायला हवेत, हे मुलांनाच सुचू द्यावे.

जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी 1836 मध्ये तयार केलेल्या घटाचे मर्म हेच आहे. त्यासाठी लागणारे सच्छिद्र भांडे आपल्याकडे संक्रांतीला घरोघरी येते : न रंगवलेले सुगड. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चौकशी केली तर एरवीही असे लहान मातीचे भांडे मिळू शकेल. ते अर्धा तास पाण्यात भिजवून काचेच्या पसरट भांड्यात ठेवावे. सुगडात झिंक सल्फेटचे द्रावण व जस्ताची पट्टी, बाहेर मोरचुदाचे द्रावण व तांब्याची पट्टी. मोरचूद आणि झिंक सल्फेट दोन्ही शेतीच्या औषधांच्या व खतांच्या दुकानात मिळतात. मल्टिमीटर जोडला की 1.1 व्होल्टच्या जवळपास आकडा दिसतो, आणि असे दोन घट एकामागे एक जोडले की सुमारे 1.8 व्होल्ट लागणारा लाल एलईडी उजळतो.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. सुगड काढून त्याच्या जागी काचेचा पेला ठेवावा. धातू तेच, द्रावणे तीच, तरी एलईडी विझतो. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेली सुती कापडाची पट्टी दोन्ही द्रावणांत बुडेल अशी पेल्याच्या काठावरून सोडावी. मल्टिमीटरचा आकडा परत येतो. बाहेर तारेतून इलेक्ट्रॉन वाहत असताना आत आयनांनाही जायला मार्ग हवा असतो; सॉल्ट ब्रिजची (दोन द्रावणे जोडणाऱ्या क्षारयुक्त दुव्याची) आकृती अनेकदा काढूनही जे समजत नाही, ते इथे डोळ्यांसमोर घडते.

लिंबू यानंतर आणावे. लिंबाऐवजी टोमॅटो घेतला तरी व्होल्टेज फारसे बदलत नाही, मात्र दोन्ही पट्ट्या तांब्याच्या घेतल्या की ते जवळजवळ नाहीसे होते. ऊर्जा झिजणाऱ्या जस्ताची आहे, हे यावरून मुलांनाच ठरवता येते. एका लिंबाचा विद्युतदाब एक व्होल्टच्या आसपास असतो आणि त्याचा अंतर्गत रोध (विजेला होणारा आतला अडथळा) बराच मोठा, म्हणून चार लिंबे जोडूनही एलईडी मंदच लागतो.

प्रश्न : आमचे गाव हुपरीजवळ आहे आणि माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या घरी चांदीकाम चालते. वर्गात चांदीचा मुलामा करून दाखवता येईल का?

उत्तर : कृपया दाखवू नये. चांदीच्या मुलाम्यासाठी सामान्यतः सायनाइडयुक्त द्रावण वापरतात आणि ते प्राणघातक आहे. तांब्याचा मुलामा दाखवावा, मात्र लोखंडी किल्लीवर नको, कारण मोरचुदात लोखंड बुडवताच विजेशिवायच तांबे बसते आणि मुलांचा गोंधळ होतो. पेन्सिलीतील शिसे (म्हणजे ग्रॅफाइट) बॅटरीच्या ऋण टोकाला व तांब्याची तार धन टोकाला जोडून दोन्ही मोरचुदाच्या द्रावणात बुडवावीत. काही मिनिटांत शिशावर तांबूस थर दिसू लागतो. इथे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) धन टोकाशी होते, तर वरच्या घटात ते ऋण टोकाच्या जस्ताशी होते. म्हणून अ‍ॅनोड (ऑक्सिडीकरण होते ती पट्टी) धन-ऋण चिन्हावरून न ओळखता ऑक्सिडीकरणावरून ओळखायला शिकवावे.

उरलेले मोरचुदाचे द्रावण मोरीत ओतू नये, कारण तांब्याचे क्षार माशांना घातक असतात. ते बाटलीत भरून पुन्हा वापरावे. निरुपयोगी झाल्यास त्यात लोखंडी खिळे टाकून निळा रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवावे आणि तळाशी बसलेले तांबे गाळून घ्यावे.