झुडपातला 'चक् चक्' करणारा तपकिरी पक्षी कोणता?

प्रश्न : भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यालगत, खारफुटीच्या कडेच्या झुडपांत डिसेंबरमध्ये चिमणीपेक्षा सडपातळ तपकिरी पक्षी दिसला. थांबून थांबून 'चक्' करत होता. सोबत दोन फोटो. कोणी साधा वटवट्या म्हणतं, कोणी ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. नक्की काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी शेपटी पाहा. साध्या वटवट्याची शेपटी लांब आणि पायऱ्यापायऱ्यांची असते, तो ती सारखी हलवतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती आखूड, टोकाला गोलसर आहे आणि शेपटीखालची पिसंही लांब आहेत. वटवट्या बाद. बूटेड आणि साइक्स वॉर्बलर हे असेच दिसणारे पक्षीही बाद, कारण त्यांची शेपटी चौकोनी, कडा पांढुरक्या आणि खालची पिसं आखूड.

आता रीड वॉर्बलर कोणता? क्लॅमरस रीड वॉर्बलर जवळजवळ बुलबुलाएवढा, साधारण १९ सेंमी; चोच दणकट, आवाज जाड आणि मोठा. तुमचा पक्षी तेवढा नाही. पॅडीफील्ड वॉर्बलर मात्र याच मापाचा, म्हणून भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, नीट बघावी लागते. त्याची पांढरी भुवई डोळ्यामागे लांब जाते, वर गडद कड असते आणि चोच आखूड. ब्लाइथ्सची भुवई चोचीपासून डोळ्यापर्यंत स्पष्ट, मागे लगेच विरते. कपाळ चपटं, चोच लांब. पहिल्या फोटोत नेमकं हेच आहे. हा ब्लाइथ्स रीड वॉर्बलरच.

नावात 'रीड' असलं तरी हिवाळ्यात तो लव्हाळ्यापेक्षा झुडपांत आणि बागेतल्या झाडांवरच जास्त सापडतो. त्याचा नेहमीचा आवाज खणखणीत, सुटा 'चक्'.

रंगावर मात्र विसंबू नका. पानांच्या सावलीत कॅमेरा तपकिरीला हिरवट करतो, संध्याकाळच्या उन्हात तांबूस. त्यातून पिसं झिजली की आणखी फिकट. पुढच्या वेळी पक्ष्याच्या उंचीवरून, बाजूने, सलग आठ-दहा फोटो काढा. खालून काढलेल्यात भुवई आणि कपाळ दोन्ही हरवतात. फोटो जमला नाही तर मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज ध्वनिमुद्रित करा, तो बहुधा जास्त उपयोगी पडतो. मात्र एप्रिलमध्ये, हिवाळा संपवून परतण्याआधी, तो गाऊ लागतो आणि त्यात इतर पक्ष्यांच्या नकलाही मिसळतो. तेव्हा एवढ्याशा ध्वनिमुद्रणावरून निकाल देऊ नका.