चापडगावच्या काठावर एक सकाळ

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत सत्तरीतली आई आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचं आहे. एका दिवसात अभयारण्य पूर्ण बघून होईल का? पक्षी फार लांब असतात म्हणे, जवळून फोटो मिळावेत म्हणून काय करावं? मुलगा कंटाळेल अशीही धास्ती आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्ण बघायचा विचार आधी सोडून द्या. मी निफाड तालुक्यातली, शाळेत शिकवताना कितीतरी वर्गांना तिथे घेऊन गेले आणि आजही हिवाळ्यात जाते. माझंही पूर्ण बघून झालेलं नाही. एकच जागा निवडा आणि तिथे तीन तास बसा. पहिल्या भेटीला चापडगावचा काठ उत्तम.

आदल्या रात्री नाशिकला मुक्काम करा. तिथून साधारण चाळीस किलोमीटर आहे, उजाडायच्या आत पोहोचता येतं. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत वाचली असेलच. आईंना कानटोपी, शाल आणि एक घडीची खुर्ची हवीच. गुडघे कुरकुरत असतील तर पक्षी बघायचा मनोरा चढायचा आग्रह धरू नका, काठावरूनही भरपूर दिसतं. सुरुवातीला धुक्यात काही दिसणार नाही, नुसते आवाज येतील. ते ऐका. चक्रवाकाची हाक आली की आईंना चकवाचकवीच्या ताटातुटीची गोष्ट नातवाला सांगायला लावा. मग क्रौंचांचे थवे कर्कश ओरडत हरभऱ्याच्या शेतांकडे निघतात.

मुलाची काळजी करू नका. आपल्या भाषेतली पक्ष्यांची नावंच त्याला धरून ठेवतील. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, ते हळदीकुंकू बदक. थापीसारखी चपटी चोच, तो थापट्या. काटक्यांसारखे लांब गुलाबी पाय, तो शेकाट्या. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी! आधी खूण सांगा, नाव त्याला शोधू द्या. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण घरात सगळ्यांना पुरते. गावातला गाईड मात्र जरूर घ्या. आज पाणी कुठे उथळ आहे, हे त्याला ठाऊक असतं.

त्या उथळ पाण्यातच सगळं आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं त्यामागे गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना चारा मिळाला. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की चिखलाचे काठ बुडतात आणि तुतारी नावाच्या पक्ष्यासारखे चिखलात चोच खुपसणारे पक्षी दुसरीकडे हलतात. म्हणून कुणाला मागच्या आठवड्यात दिसलं ते तुम्हाला दिसेलच असं नाही.

आता फोटो. जवळ जाण्यासाठी काहीही करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. माझ्या सख्ख्या भावाने एकदा उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून पाण्यात दगड भिरकावला. शेकडो बदकं एकदम उठली. फोटो आला, पण दुपारपर्यंत तो काठ रिकामा राहिला आणि आमच्यामागून आलेल्या शाळेच्या सहलीला काहीच दिसलं नाही. पट्टकादंब नावाचे हंसासारखे पक्षी हिमालय ओलांडून इथे येतात. त्यांनी इथे खायचं, चरबी साठवायची आणि तेवढीच वाट परत उडायची. आपण दर वेळी उठवलं तर ती शिदोरी इथेच खर्च होते. ड्रोन, स्पीकर, भडक कपडे घरीच ठेवा. खाकी किंवा मातकट रंगाचे कपडे घाला, आणि न हलता बसा. अर्ध्या तासाने जांभळी पाणकोंबडी आपणहून गवताबाहेर येते.

नऊ-साडेनऊला डबा उघडा, पण गाडीपाशी. पोळीचा एक तुकडाही पाण्यात टाकू नका, मुलाने कितीही हट्ट केला तरी.