वर्गणी द्यावी, पण आधी हिशेब विचारावा

आपण पुढील वर्षी बॉस्टनला स्थायिक होणार आहात आणि परदेशी राहून मायदेशातील चळवळीला पैसा द्यावा का, येथील आयरिश लोकांनी तो कसा दिला, असे विचारले आहे. अठरा वर्षे येथे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की वर्गणी जरूर द्यावी, पण ती कोणाच्या हाती राहणार हे आधी विचारावे.

१८४५ पासूनच्या दुष्काळात आणि त्यानंतर येथे आलेले आयरिश बहुतांशी मजूर आणि मोलकरणी होत्या. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या क्लॅन ना गेल या गुप्त संघटनेने, इंग्रजांच्या तुरुंगातून सुटून आलेल्या जॉन डेव्हॉय यांच्या नेतृत्वाखाली, इंग्रजी सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या १९१६ च्या ईस्टर उठावाला पैसा पुरवला. उठावाच्या जाहीरनाम्यात अमेरिकेतील परागंदा लेकरांचा उल्लेख आहे तो त्यामुळेच.

पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. न्यूयॉर्कमध्येच जन्मलेले, आयरिश बंडखोरांनी घोषित केलेल्या प्रजासत्ताकाचे प्रमुख इमन डी व्हॅलेरा १९१९ च्या जूनमध्ये अमेरिकेत आले. त्यांच्या प्रजासत्ताकाला मान्यता नसल्याने खरे कर्जरोखे काढता येत नव्हते, म्हणून मान्यतेनंतर रोख्यांत बदलून मिळतील अशी प्रमाणपत्रे, अगदी दहा डॉलरपासूनची, विकून पन्नास लाखांहून अधिक डॉलर जमले. परंतु येथील चळवळ कोणी चालवायची यावरून त्यांचे आणि डेव्हॉय यांचे बिनसले, पुढे इंग्रजांशी झालेल्या तहावरून आयर्लंडमध्ये यादवी पेटली, आणि जवळपास निम्मी रक्कम न्यूयॉर्कच्या बँकांतच अडकून पडली. १९२७ साली तेथील न्यायालयाने ती नवे आयरिश सरकार आणि डी व्हॅलेरा या दोन्ही दावेदारांना नाकारून वर्गणीदारांना परत देण्यास सांगितले. मग अनेकांनी आपला हक्क डी व्हॅलेरा यांच्या नावे करून दिला आणि तो पैसा १९३१ साली निघालेल्या त्यांच्या 'आयरिश प्रेस' या दैनिकाच्या भांडवलात गेला. दहा डॉलर देणाऱ्या मोलकरणीच्या मनात वृत्तपत्र होते का, असे मला राहून राहून वाटते.

आपल्यापुरते सांगायचे तर, भारतीय पासपोर्ट आहे तोवर स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने भारतातील संस्थेला दिलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतल्यावर मात्र ती परकीय ठरते आणि घेणाऱ्या संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी चालू असलेल्या मासिक देणग्या एकदा तपासून घ्याव्यात आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी.