जेठांचा आजार, बाळाची काळजी आणि फॉर्मवरचं "नाही"

यावेळचं पत्र इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलं आहे. लिहिणारी एकतीस वर्षांची, माहेर एरंडोलचं, सासर पारोळ्याचं, दिवस गेलेत, चौदावा आठवडा चालू आहे. पत्रात बरेच प्रश्न आहेत. बाकीच्यांची उत्तरं मी शेवटी भराभर उरकणार आहे, कारण एका प्रश्नाने मला रात्रभर जागं ठेवलं. तो तिच्याच शब्दांत वाचा:

"कानबाईच्या रोटांच्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल केला. सगळे भाऊबंद जमले होते, जेठ मात्र कुठे दिसेनात. नंतर नणंदेने गुपचूप फोन करून सांगितलं की त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं. त्यांना स्किझोफ्रेनिया आहे, कॉलेजात असल्यापासून. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवतात. लग्न ठरताना आम्हाला 'शेती बघतो, जरा अबोल आहे' एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, 'कोनले सांगू नको, माय.' नेटवर वाचलं की हा आजार ऐंशी टक्के आनुवंशिक असतो. म्हणजे माझ्या बाळाला होण्याची शक्यता ऐंशी टक्के का? मिडवाइफने पहिल्या भेटीत घरात कुणाला मानसिक आजार आहे का, असं विचारलं होतं. हे पटकन 'नाही' म्हणाले. आता ते तसंच राहू द्यायचं ना?"

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून "तू" म्हणते. आधी पाणी पी. बाळाला ऐंशी टक्के धोका मुळीच नाही. आणि ते "नाही" मात्र तसंच राहू द्यायचं नाही.

ऐंशीच्या आकड्याने आजवर कितीतरी लेकींना रडवलं आहे. तो आकडा खरा आहे, पण तो तुझ्या बाळाबद्दल काही सांगत नाही. एखाद्या समाजात काहींना हा आजार होतो आणि बाकीच्यांना होत नाही, या फरकातला किती वाटा जनुकांकडे जातो, त्याचं ते माप आहे. एका माणसाला आजार होण्याची शक्यता हा वेगळा हिशेब, आणि तो असा आहे. कुणाही माणसाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहून थोडी कमी. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल, तर ती शंभरात दहाच्या आसपास जाते. सख्ख्या काकाला असेल, तर शंभरात दोन ते चार. तुझं बाळ या शेवटच्या ओळीत बसतं. म्हणजे अशी शंभर बाळं घेतली तर शहाण्णवांना किंवा त्याहून जास्त जणांना हा आजार कधीच होणार नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा, जिथे जनुकं जवळजवळ तीच, एकाला असला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमीच भरतं.

एखादं "स्किझोफ्रेनियाचं जनुक" असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरतं, असंही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागांचा या आजाराशी संबंध दिसला, आणि त्यातल्या बहुतेकांचा परिणाम अगदी बारीक. त्यातल्या काही तुझ्यात असतील, काही माझ्यातही. म्हणून पोटातल्या बाळाला हा आजार होईल की नाही हे सांगणारी चाचणीच नाही, कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणालं तरी. मोठा अपवाद एकच लक्षात ठेव. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा काही थोड्या लोकांमध्ये जन्मापासून गळालेला असतो, आणि त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी एकाला पुढे स्किझोफ्रेनिया होतो. अशा लोकांना बहुधा जन्मतः हृदयाचा किंवा टाळूचा दोष असतो. जेठांना लहानपणी तसं काही होतं का, एवढं सासूबाईंना विचार. असेल तर डॉक्टरांना सांग.

आता गर्भातल्या दिवसांबद्दल. तू लिहितेस, "उलट्यांमुळे मुरमुरे आणि लिंबाच्या सरबतावर दिवस काढलेत, बाळाच्या मेंदूवर परिणाम झाला असेल का?" हे तू कुठे वाचलंस, तेही मला कळलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, आणि माणसांना दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळेनात. त्या उपासमारीच्या कळसाला ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांमध्ये मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुपटीच्या आसपास निघालं. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या दुष्काळानंतरही तसंच दिसलं. पण तो दुष्काळ होता गं! पहिल्या तिमाहीतल्या मळमळीची आणि त्याची गाठ घालू नकोस. पाणीही पोटात राहत नसेल, वजन उतरत असेल, तर आजच मिडवाइफला फोन कर. नाहीतर जे जाईल ते खा. वरणभात गेला तर वरणभात, कळण्याची भाकरी गेली तर उत्तमच.

आईला झालेला फ्लू आणि दुसरे जंतुसंसर्ग, रक्तातलं लोह कमी असणं, अनियंत्रित मधुमेह, गरोदरपणातलं वाढलेलं बीपी, प्रसूतीत बाळाला प्राणवायू कमी पडणं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, यांचाही संबंध अभ्यासांत दिसतो. वाढणारा धोका लहान असतो आणि यातलं कुठलंही एकटं पुरेसं नसतं. जनुकं आणि परिस्थिती दोन्ही मिळून काम करतात, तेही वीस-पंचवीस वर्षांनी. म्हणून तुझ्या हातातलं एवढंच: फ्लूची लस घे, इंग्लंडमध्ये ती गरोदर बाईला फुकट मिळते. ड जीवनसत्त्व रोज दहा मायक्रोग्रॅम घे, आपल्या सावळ्या कातडीला तिथलं ऊन पुरत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर बद्धकोष्ठाचं कारण सांगून थांबवू नकोस. आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी टाळू नकोस, आपल्या लोकांना ती मुद्दाम सांगतात. या सगळ्या गोष्टी जेठांना काही झालं नसतं तरी करायच्याच होत्या.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. मी गेली कित्येक वर्षं या सदरात तेच सांगते आहे आणि सांगतच राहणार: घरातला आजार डॉक्टरांपासून लपवू नका. सातबाऱ्यावरचा बोजा आपण सांगितला नाही म्हणून उतरत नाही, पुढच्या वारसाच्या गळ्यात तो न सांगता पडतो. "नाही" म्हणताना तुझ्या नवऱ्याच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक आहे. बहिणीचं लग्न व्हायचंय, पारोळ्यात कळलं तर काय, आणि त्यात परदेशातली भीती, मुलांना घरी नीट सांभाळतात का हे बघणारे सोशल सर्व्हिसेसवाले दारात येतील. बाळाच्या काकाला आजार आहे म्हणून कुणी दारात येत नाही. तो प्रश्न विचारतात तो बाळंतपणानंतर आईच्या मनाची काळजी नीट घेता यावी म्हणून. हजारात एक-दोन बायकांना बाळंतपणानंतर तीव्र मानसिक आजाराचा झटका येतो, आणि तिच्या स्वतःच्या माहेरी, आईला किंवा बहिणीला, तसं काही झालेलं असेल तर डॉक्टर आधीच सावध राहतात. म्हणून तुझ्या माहेरचंही नीट विचार. आईला, मावशीला, आजीला. खान्देशात आपल्याकडे "तिच्या अंगात यायचं" किंवा "बाळंतपणानंतर ती जरा वेगळीच झाली होती" असं म्हणून जे सोडून देतात, ते नेमकं काय होतं, ते विचार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा मामा चोपडा तालुक्यातला. तरुणपणी त्याला आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी त्याला खळ्याच्या खोलीत ठेवलं आणि गावात सांगितलं, जास्त अभ्यास करून डोकं तापलंय. पुढे त्याचाच मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. दुसऱ्या वर्षी खोलीतून बाहेर पडेना, मेसचं जेवण विषारी आहे म्हणून बिस्किटांवर राहू लागला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला असं झालं होतं का? माझ्या आजोबांनी ठामपणे सांगितलं, आमच्यात कुणालाच नाही. डॉक्टरांनी परीक्षेचा ताण म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. मग भगत झाला, देवस्थानं झाली, आणि योग्य उपचार सुरू व्हायला काही वर्षं गेली. आजार जितका काळ बिनउपचाराचा राहतो तितकं सावरणं कठीण होतं, हे जगभर दिसून आलं आहे. आज तो गोळ्या घेतो, भुसावळला दुकान सांभाळतो. पण ती मधली वर्षं कोण परत देणार?

आणि दोष कुणाला गेला? मामीला. गरोदरपणी ग्रहणात हिने भाजी चिरली, असं म्हणून आयुष्यभर ऐकवलं तिला. तिच्या नवऱ्याचा आजार सगळ्या घराला ठाऊक होता, तरी बोट तिच्याकडेच. ही खोड फक्त आपलीच आहे असं नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या आजाराला आईची वागणूक कारणीभूत धरली, आणि अमेरिकेतल्या आया पुढची कैक वर्षं त्या ठपक्याखाली जगल्या. नंतर तो सिद्धांत मोडीत निघाला. मामीच्या वाट्याला मात्र तशी सुटका आली नाही. म्हणून तुझ्या सासूबाईंवर रागावू नकोस. "कोनले सांगू नको" म्हणताना त्यांना हेच आठवत असेल, की शेवटी बोट आईकडेच वळतं.

आपल्याच मातीतलं दुसरं उदाहरणही आहे. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. ते त्याबद्दल उघडपणे बोलले, लिहिलं, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे आज रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून बोलतात. परदेशी राहणाऱ्या खान्देशी माणसाने हे करून दाखवलं आहे, मग आपण एका मिडवाइफपुढे एवढं का घाबरावं?

तेव्हा पुढच्या भेटीत नवऱ्यालाच बोलू दे: "माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, पहिल्या भेटीत सांगायचं राहिलं." एका वाक्याचं काम आहे. तो कुरकुरला तर माझं हे उत्तर त्याच्यापुढे ठेव. आणि पुढे बाळ तेरा-चौदा वर्षांचं झालं की त्यालाही सांगा. हा आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, आणि ज्यांच्या घरात तो आहे त्या मुलांना गांजा, विशेषतः हल्लीचा जहाल गांजा, जास्त महागात पडतो. तिथल्या शाळा-कॉलेजांत तो सहज मिळतो. काकाचं माहीत असलेलं पोर निदान थांबून विचार तरी करेल. वेळ आलीच, तर इंग्लंडमध्ये पहिल्या झटक्यासाठी वेगळी उपचार-पथकं आहेत आणि दोन आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा त्यांचा दंडक आहे. पण त्यांच्याकडे वेळेवर जायचं तर घरात कुणालातरी लक्षणं ओळखता आली पाहिजेत.

एका गोष्टीसाठी मात्र तुला रागावणार आहे. एवढ्या लांब पत्रात जेठांच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. ते गोळ्या नीट घेतात का? डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलं? साखर आणि वजन कोण बघतं, कारण यातल्या काही गोळ्यांनी दोन्ही वाढतात? रोटांच्या दिवशी, सगळं भाऊबंद जेवत असताना, त्यांचं ताट मागच्या खोलीत कुणी नेलं? नवऱ्याला सांग, दर रविवारी भावाला फोन कर, आईला नाही, भावाला. पारोळ्यात घरच्यांना कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि डाळीच्या डब्यातल्या गोळ्या बाहेर काढायला सांग, त्या वेळेवर दिसल्या तर वेळेवर घेतल्या जातील.

उरलेले प्रश्न. ग्रहण: झोप, खा, भाजी चीर, काही होत नाही. फेब्रुवारीतला जन्म: हिवाळ्यात जन्मलेल्यांमध्ये प्रमाण पाच ते आठ टक्क्यांनी जास्त आढळतं, म्हणजे दर हजारी दहा असतील तर अकरासुद्धा होत नाहीत, त्यामुळे सोडून दे. नवऱ्याचं वय अडतीस: वडील पन्नाशीच्या पुढचे असले तर बोलण्यासारखं असतं, अडतिशीत नाही. जेठांमुळे नणंदेचं लग्न मोडेल का: स्थळाला आधीच सांगा, जे थांबतील तेच घर तिच्या कामाचं. बाळंतपणाला आई की सासूबाई: दोघींना बोलव, पण आईला आधी आणि सासूबाईंना दीड महिन्यानंतर, आणि व्हिसाचे अर्ज आतापासूनच भरायला घे, फेब्रुवारी लांब वाटतो तेवढा लांब नाही.